साल तिची, गर आमचा

श्रीवर्धनला जायला ऑक्टोबरसारखा महिना नाही. भात कापणीला आलेलं असतं, डोंगर अजून हिरवे असतात आणि पर्यटकांच्या गाड्या दिवाळीच्या सुट्टीची वाट बघत शहरातच थांबलेल्या असतात. काळजी फक्त एक घ्यावी. ज्याला घेऊन जायचं आणि ज्याच्याकडे जायचं, त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नसेल, तर मध्ये माझ्यासारखा माणूस नसावा. हे मी प्रवासाची हौस म्हणून निम्मं लिहितो आहे आणि कबुली म्हणून निम्मं.

मी उरणच्या बंदराजवळ एका लहानशा कचेरीत काम करतो. परदेशातून येणारा आणि परदेशी जाणारा माल कस्टममधून सोडवायला जे कागद लागतात, ते आम्ही तयार करतो. येणाऱ्यातला बराचसा माल चीनचा. माझ्या मुलीचं शिक्षण चीनच्या मालावर झालं असं म्हटलं तरी चालेल. असं असूनही काही वर्षांपूर्वी सीमेवर तणाव होता तेव्हा आमच्या सोसायटीत चिनी मालाची होळी झाली आणि स्टुलावर उभं राहून भाषण केलं ते मीच. लोकांनी दिव्यांच्या माळा आणून टाकल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर चालू रेडिओ टाकला. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी तसल्याच माळांचा एक अख्खा कंटेनर सोडवला. आजोबा अजून जिन्यात भेटले की म्हणतात, "तुमच्यासारखी माणसं पाहिजेत." तेव्हापासून मी पहिल्या मजल्यावर राहत असूनही लिफ्टनं जातो.

आता चीनची विमानं पुन्हा सुरू झाली, व्हिसा मिळू लागले आणि हुनान प्रांतातल्या थांगबाई मुंबईत एका प्रदर्शनाला आल्या. पंचेचाळिशीच्या, आखूड केसांच्या, पायात पांढरेशुभ्र बूट. त्यांच्या कारखान्यात सुपारीची पाकिटं भरतात आणि सुपारी फोडायची यंत्रंही बनवतात. आमचे साहेब म्हणाले, "त्यांना सुपारीच्या बागा बघायच्यात. दोन-तीन दिवस फिरवून आणा."

"माझ्या मावसभावाची श्रीवर्धनला वाडी आहे," मी म्हटलं. छाती थोडी पुढे काढूनच म्हटलं.

एक गोष्ट मला निघण्याआधीच माहीत होती. चीनमध्ये बाहेरचं कुठलंही फळ न्यायचं तर त्या एकेका फळासाठी दोन्ही सरकारांमध्ये वेगळा करार व्हावा लागतो. आपल्या सुपारीचा तसा करार झालेला नाही. म्हणजे दार बंद. हे सांगणं हेच माझं काम, त्याचाच मला पगार मिळतो. पण त्या मावसभावाला, प्रभाकरदादाला, फोन केला तर तो इतका हरखला की "चीनचं गिऱ्हाईक? अरे अन्या, मी अंगण सारवून घेतो!" मग मी म्हटलं, भेटल्यावर सांगू.

रेवदंडा

कचेरीची गाडी आणि ड्रायव्हर घेऊन अलिबाग मागे टाकून रेवदंड्याला पोचलो तेव्हा ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या, बांबूंवर बोंबील वाळत होते आणि वास असा होता की गाडीच्या काचा वर केल्या तरी आत येऊन बसायचा. मी नाकाला रुमाल लावला. थांगबाई मात्र माहेरी आल्यासारख्या भराभर चालत सुटल्या आणि एका कोळणीच्या पाटीपुढे थांबल्या. पाटीत चांदीच्या पट्ट्यांसारख्या लांबलचक वाकट्या होत्या. हा मासा त्यांच्याकडे घरोघरी खातात, असं त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं. इंग्रजी आम्हा दोघांचंही बेताचंच, त्यामुळे छान समजत होतं.

"कुठली गो ही बाय?" कोळणीनं मला विचारलं.

"चीनची."

"चीनची? मंग हिला इकरं कशाला आनली? आमची सगली वाकटी तिकरंच जाते! चांगली चांगली बंदरावरशीच उचलतान, आन् आमाला ऱ्हाते ही पिचकी. इचार तिला, पोट भरत न्हाय काय तुमचं?"

थांगबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते?"

खरं तर कोळीण अर्थशास्त्रच बोलत होती. चांगला माल परदेशी जातो आणि गावात उरतो तो पिचका, हे मी वीस वर्षं कागदांवर बघत आलो आहे. पण पाहुण्याला असं कसं सांगणार? मी म्हटलं, "तुमच्या देशाला आमचा मासा आवडतो, याचा तिला फार आनंद आहे."

थांगबाई कंबरेत वाकल्या.

"वाकते कशाला ही? पाठ दुखते काय तिची?"

"मान देतायत तुम्हाला."

"मान नको. सांग, पाच वाकट्या घे."

त्यांनी पाच सुक्या वाकट्या घेतल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून त्या मागच्या सीटवर ठेवल्या आणि तिथून आगरदांड्यापर्यंत आमच्या गाडीच्या मागे कावळ्यांची वरात होती. खाडी ओलांडून दिघीला जायला गाडीसकट जंगर बोटीत चढलो, तर एक कावळा तिकीट न काढता आमच्या टपावर बसून आला.

श्रीवर्धन, पहिली संध्याकाळ

पोफळीच्या वाडीत शिरलं की उन्हाचा रंग बदलतो. उंच, सडसडीत झाडं, वर हिरवी छत्री, खाली पाटाचं पाणी. प्रभाकरदादाची वाडी पूर्वी अशी दाट होती की आत हाक मारली तर बाहेर ऐकू यायची नाही. त्या मोठ्या वादळात एका दुपारीत निम्मी वाडी आडवी झाली. त्यानं पुन्हा रोपं लावली, पाणी घातलं आणि पाच वर्षं वाट बघितली. या वर्षी पुढची ओळ पहिल्यांदा फळली होती. आम्हाला वाडी दाखवताना तो त्या झाडांना हात लावून पुढे सरकायचा, जसा माणूस मुलांच्या डोक्यावरून हात फिरवतो.

अंगणात सुमनवहिनींनी तबक पुढे केलं. त्यात दादाच्या वाडीतली निवडक रोठा सुपारी होती, सोललेली, गोल, आत पांढरी. शेजारी अडकित्ता. दादानं एक सुपारी कातरून थांगबाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी हुंगली, मान डोलावली आणि तशीच परत तबकात ठेवली. मग उठून झाडाखाली गेल्या, पडलेली एक हिरवी कोवळी सुपारी उचलली, पर्समधून छोटा चाकू काढून ती उभी चिरली, आतला गर चाकूच्या टोकानं खुडून पाटात टाकून दिला आणि साल तोंडात घातली.

दादाच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला.

"अन्या," दादा हळूच म्हणाला, "तिनं गर टाकला."

"हो."

"आणि साल खाल्ली."

"हो."

"अरे, साल तर मी चुलीत घालतो!"

हे मी थांगबाईंना सांगितलं, अगदी जसंच्या तसं. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. हुनानमध्ये सुपारीची सालच चघळतात, तिला मसाल्याचा पाक लावतात आणि गर फेकून देतात. दोन देश एकाच फळाचे वेडे, आणि दोघं एकमेकांचा कचरा खातात, हे कुणालाच माहीत नव्हतं.

दादा आधी सावरला. "म्हणजे साल तिची, गर आमचा! एका झाडाची दोन पिकं! सुमन, ऐकलंस का?"

पण तसं होत नाही, हे दोघांच्या बोलण्यातून दहा मिनिटांत उघड झालं. साल खायची तर फळ कोवळंच उतरवायला हवं. पिकल्यावर सालीचा काथ्या होतो. गर हवा तर फळ झाडावर पिकायला हवं. कोवळं उतरवलं की रोठा सुपारी संपलीच. एक झाड एका वेळी एकाच देशाचं होऊ शकतं.

"विचार तिला, घेईल का कोवळी," दादा म्हणाला.

थांगबाई स्पष्ट बोलल्या, "आज घेण्याचा प्रश्नच नाही. कागद नाही. कधी करार झाला तर नमुना बघू."

मी दादाला सांगितलं, "नमुना बघू म्हणतात."

मग थांगबाईंनी त्यांच्या यंत्राचं चित्र काढून दाखवलं. तासाभरात पोतं पोतं सुपारी फोडणारं यंत्र. ते आपल्याकडे आणायचं तर आपल्या सरकारचा मान्यतेचा एक शिक्का लागतो आणि तो त्यांना मिळत नाही. तरी दादाची इच्छा असेल तर त्या खटपट करतील, असं म्हणाल्या. दादानं चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "यंत्र झकास आहे. पण मला नको. सुमन हातानं याहून चटचट सोलते."

"विचार करून सांगतो म्हणतात," मी थांगबाईंना म्हटलं.

म्हणजे एका वाक्यानं मी दादाला गिऱ्हाईक दिलं आणि दुसऱ्यानं बाईंना. दोघं एकमेकांकडे बघून हसत होते आणि मधे मी घामानं निथळत होतो. हे आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर थांगबाईंनी प्रेमानं त्यात कोवळ्या सालीचा तुकडा ठेवला. नाही म्हणायची मला सवय नाही. मी चावला. मिनिटभरात कान तापले, वाडी गोल फिरली आणि मी पाटाच्या कडेला बसलो.

"भाऊजींना सुपारी लागली!" वहिनी धावल्या. त्यांनी गुळाचा खडा दिला, पाणी दिलं आणि मला खाटेवर आडवं केलं. कबुली तशीच राहिली.

दुसरा दिवस

सकाळी घावणं आणि गूळ घातलेला नारळाचा रस होता. थांगबाईंनी सहा घावणं खाल्ली. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करतात, त्यांच्याकडेही करतात, पण त्यांच्याकडे ताटात थोडं उरवायचं असतं, म्हणजे यजमानानं भरपूर वाढलं असं ठरतं. आमच्या वहिनींना ताटात उरलेलं चालत नाही. त्यामुळे बाई थोडं उरवायच्या, वहिनी "आवडलं नाही का?" म्हणायच्या, बाई घाबरून संपवायच्या, वहिनी पुन्हा वाढायच्या. शेवटी मीच थांबवलं. चुलीतल्या सालीचं सोडलं तर त्या दोन दिवसांत मी खरं भाषांतर केलं ते तेवढंच.

दुपारच्या बिरड्यासाठी वहिनी मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. थांगबाई समोर बसून मदत करू लागल्या. सालींचा ढीग वाढत गेला तसं त्यांनी त्याच्याकडे जरा अधिकच लक्ष दिलं.

"भाऊजी," वहिनी कुजबुजल्या, "ही साली खाईल बरं का. लक्ष ठेवा."

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. दरवर्षी त्याची सुपारी नेणारा म्हसळ्याचा व्यापारी होता. दादा ऐटीत म्हणाला, "शेट, या वर्षी पुढच्या ओळीचं धरू नका. दुसरं गिऱ्हाईक आलंय. कुठलं? लांबचं आहे. सांगीन." फोन ठेवून त्यानं मला डोळा मारला. "उद्या सकाळी झाडांवर चढायला धर्माला बोलावलंय. पुढची सगळी ओळ कोवळी उतरवू. नमुना बघायचाय ना? भरपूर बघू दे."

"दादा, मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोल की."

"म्हणजे, नमुन्याला इतकी कशाला?"

"अरे, चीन केवढा मोठा आहे!"

मी संध्याकाळी समुद्रावर गेलो आणि वाळूत तीनदा सगळं पाठ म्हटलं. एका कुत्र्यानं ते पूर्ण ऐकून घेतलं.

तिसरी सकाळ

धर्मा साठीचा आहे. अंगात हाडं आणि कमरेला कोयता, बाकी काही नाही. एका पोफळीवर चढायचं, शेंड्याला झोका द्यायचा आणि झाड वाकलं की शेजारच्या झाडावर जायचं, असं तो खाली न उतरता अख्खी ओळ फिरतो. असे चढणारे आता फार उरले नाहीत. थांगबाई मोबाईल वर धरून तोंडाचा आ करून बघत होत्या.

पहिला घड दोरीनं खाली आला. हिरवागार, गच्च. दादानं तो दोन्ही हातांत घेतला. पाच वर्षांत त्या झाडानं दिलेलं ते पहिलं फळ होतं. मग दुसरं झाड. तिसरं. चौथ्याचा घड खाली आला आणि धर्मानं पाचव्यासाठी झोका घेतला, तेव्हा माझ्या तोंडून असा आवाज निघाला की कोंबड्या पळाल्या.

"थांब!"

"काय झालं?" धर्मा वरून ओरडला. "साप हाय काय?"

"साप नाही. मीच."

आणि मी बोललो. आधी मराठीत दादाला, मग इंग्रजीत थांगबाईंना, आणि दोघांना वेगवेगळ्या लबाड्या सांगितल्या असल्यामुळे दोन वेगवेगळ्या कबुल्या द्याव्या लागल्या. करार नाही. माल जाणार नाही. बाई हे पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या होत्या. यंत्र तुला नको होतं, तेही मी त्यांना सांगितलं नाही.

दादा हातातल्या घडाकडे बघत राहिला. "तुला कधीपासून ठाऊक?"

"तुला फोन केला त्याच्या आधीपासून."

"म्हणजे ही मला यंत्र विकायला आली. मी हिला सुपारी विकायला बसलो. घेणारा कुणी नव्हताच."



"भाऊ," वरून धर्मा म्हणाला, "मी खाली येव का हितंच ऱ्हाव?"

"उतर," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

थांगबाईंनी मोबाईल खाली घेतला. मग त्यांनी विचारलं, "ती मासेवाली खरं काय म्हणाली होती?"

तेही सांगितलं. त्या खो खो हसत सुटल्या. "मला वाटलंच होतं. इतकं गोड बोलणारी मासेवाली जगात कुठंच नसते."

चार झाडांचे घड अंगणात पडले होते. ते परत झाडाला लागणार नव्हते. मला ते बघवत नव्हते आणि दादाला मी बघवत नव्हतो. तेव्हा वहिनी पातेलं आणि विळी घेऊन बाहेर आल्या. "एवढं सुतक कसलं? कोवळी आहे तर चिकणी सुपारी करू. आमच्या आईकडे करायचे. कोवळा गर उकडायचा, वाळवायचा."

"हे काल का नाही बोललीस?" दादानं विचारलं.

"काल तुम्ही चीनला निघाला होतात. मला कुणी विचारलं?"

त्या विळीवर बसल्या. समोर थांगबाई चाकू घेऊन बसल्या. एक फळ चिरायचं, गर वहिनींच्या पातेल्यात, साल बाईंच्या टोपलीत. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. वहिनी मराठीत सूचना देत होत्या, बाई चिनीत उत्तरं देत होत्या आणि काम कुठं अडलं नाही. मी दोनदा "काय म्हणतात ते सांगू का?" म्हणून विचारलं. दोघींनी एकाच वेळी हातानं मला बाजूला केलं. त्या साली उकडून दीड दिवस पत्र्यावर वाळत घातल्या, म्हणून आमचा मुक्काम एका दिवसानं वाढला.

त्या दीड दिवसात दादा माझ्याशी बोलला नाही. अगदीच गरज पडली तर धर्माच्या मार्फत बोलायचा.

"धर्मा, त्याला विचार, चहा घेणार का."

मी दोन हातांवरच बसलेलो असायचो, तरी धर्मा माझ्याकडे वळायचा. "भाऊ इचारतायत, च्या घेनार का."

"हो म्हणावं."

"व्हय म्हनतायत." आणि मग स्वतःचं एक वाक्य जोडायचा, "तोंड पडलंय बगा त्यांचं." धर्मा भाषांतरात काही गाळत नव्हता, उलट भर घालत होता.

परत

निघताना वहिनींनी थांगबाईंना वाळलेल्या सालींची पुरचुंडी दिली. "घरच्यांना दे म्हणावं." बाईंनी ती छातीशी धरली आणि माझ्याकडे पाहिलं. वहिनींनीही माझ्याकडे पाहिलं. ओट्यावरून दादानं माझ्याकडे न बघता कान इकडे लावला.

"नेता येणार नाही," मी म्हटलं. मराठीत आणि इंग्रजीत. "तिकडच्या विमानतळावर काढून घेतील, वर दंड."

"एवढीशी पुरचुंडी?" वहिनी म्हणाल्या.

"एवढीशीसुद्धा नाही."

"तुम्ही एवढे कस्टमच्या कामातले, आणि—"

"म्हणूनच नाही."

"मग वाटेत संपवा," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

म्हसळ्याचा घाट चढून माणगावच्या अलीकडे आलो तेव्हा थांगबाईंनी पुरचुंडी सोडली आणि एक साल तोंडात टाकली. चघळत राहिल्या. बराच वेळ चघळत राहिल्या. मी विचारलं नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"अन्या," पलीकडून दादा म्हणाला. मध्ये धर्मा नव्हता. "खाल्ली का तिनं साल?"

"खातायत."

"कशी आहे म्हणते?"

मी बाईंना विचारलं. त्यांनी तुकडा तोंडातून काढला, उन्हात धरून पाहिला आणि मत सांगितलं. माझ्या जिभेवर एक गोड वाक्य तयारच होतं. ते गिळेपर्यंत गाडीनं एक अख्खा पूल ओलांडला.

"वाईट आहे म्हणतात. दोरी चघळल्यासारखी. याहून माझ्या बुटाची नाडी बरी, असं म्हणतात."

 

"बरं," दादा म्हणाला. "आता तिला माझं सांग. म्हणावं, तुझं यंत्र सुमननं चित्रात नीट बघितलं. ती म्हणते, कोंबड्या डालायला बरं आहे. आणि आमच्या सुपारीचा गर पाटात टाकणाऱ्या बाईचं सालीबद्दलचं मत मी धरत नाही. शब्द न् शब्द सांग. एक अक्षर गोड केलंस तर या वाडीत पाय ठेवायचा नाही."

मी शब्द न् शब्द सांगितलं. कोंबड्या डालायला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं, म्हणून हातांनी टोपली पालथी घालून दाखवली. ड्रायव्हरनं वेग कमी केला.

"काय म्हणाली?" दादानं विचारलं.

"हसतायत."

"खरं सांगतोयस ना?"

मी फोन थांगबाईंच्या तोंडाजवळ धरला.